मागच्या दाराची रेघ

आप्पा, पाटसच्या आपल्या ट्रॉलीच्या वर्कशॉपात तुम्ही कधी कागद वापरला नाहीत. खडू घेऊन जमिनीवरच ट्रॉली काढायचात, खरी असते तेवढी, आणि चपला काढून तिच्याभोवती फिरायचात. मग फळ्यांचा कच्चा सांगाडा उभा करून ऊस भरणाऱ्या एखाद्या गड्याला हाक मारायचात, "मोळी घे डोक्यावर आन् चढ बरं." तो अडखळला की माप बदलायचं, वेल्डिंग त्यानंतर. लहानपणी मी वहीत काढलेली मोटार दाखवली, तर कौतुक राहिलं बाजूला, तुम्ही विचारलंत, "ह्यात बसायचं कुठनं?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

पुढे गाड्यांची चित्रं काढणं हीच माझी नोकरी झाली. चित्रात आम्ही चाकं मोठी करतो, छत खाली ओढतो. उभी गाडीसुद्धा पळती दिसली पाहिजे. चित्रावरून मातीची गाडी होते, खऱ्या मापाची, पण भरीव. तिच्यात बसता येत नाही. माझ्या छताची रेघ मागच्या दारावर उतरत होती, तिच्यावरून साहेबांनी तळवा फिरवला आणि खूश झाले. नंतर आत बसून बघायला लाकडी सांगाडा केला, त्यात शिरताना एकजण म्हणाला, मागचं दार अडचणीचं होतंय. मी त्याच्याशी भांडून रेघ राखली. फार मिरवलं मी त्या रेघेला.

तीच गाडी घेऊन मी घरी आले होते. तुम्हाला दम लागला, दौंडला दवाखान्यात न्यायचं ठरलं. धरून बसायला आई शेजारी हवी, म्हणून मागेच बसवायला गेलो. तुमची टोपी छताला लागून पडली. गुडघा काही आत वळेना. आम्ही ढकललं, तुम्ही कण्हलात. शेवटी शेजारच्या मामांची जीप येईपर्यंत ओट्यावर बसून राहिलात. माझं तोंड बघून म्हणालात, "गाडी झ्याक हाय गं. माझंच हाड म्हातारं झालंय." दौंडला डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

आता नव्या मुलांना मी शिकवते, आत बसणारा माणूस आधी डोळ्यांपुढे आणा. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा तिशीतलं कुणीतरी होतं, सडपातळ, घाईतलं. तुम्ही नव्हता, आप्पा. एकदाही नव्हता.

हे पाठवणार कुठे? घरात सगळ्यांना मी खोटंच सांगितलं, मामांनी जीप आणायला उशीर केला. आई अजून त्यांच्याशी बोलत नाही, आणि मीही तिला बोल म्हणत नाही.