मुठीतलं ‘येते’

प्रिय दादा,

व्हिडिओ कॉलवर आईचा विषय काढला की तू सरळ डोळे मिटून घेतोस. भांडणातला तुझा हा लहानपणापासूनचा हुकमी एक्का. आम्हाला कान बंद करायला बोटं लागतात, तुझं पापण्यांवर भागतं. म्हणून पत्र लिहितेय. वाचताना तरी डोळे उघडे ठेवशील.

इकडे बरं चाललंय. आमच्या सांकेतिक भाषेच्या कोशाचं काम संपत आलंय. दिवसभर पडद्यासमोर बसून मी कर्णबधिर माणसांच्या चित्रफिती पुढेमागे करत त्यांचे हात न्याहाळते. आपल्या घरी कुठला आलाय कोश! तू आणि आई टांकसाळ उघडल्यासारखे हातांचे शब्द पाडायचात. गालावर बोट टेकवून तू माझं नाव ‘खळी’ ठेवलंस आणि बाबांचं ‘मिशी’. त्यांनी मिशी काढली तरी ते मिशीच राहिले.

आई कामाला निघाली की तू दारात आडवा बसायचास. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हा तिचा हट्ट, तो तिने हातावरही आणला. पण हातात पिशवी असायची. मग बाकीची बोटं बंदात अडकलेली ठेवून ती मोकळी करंगळी तेवढी छातीकडे दोनदा वळवायची. येते. तू मुकाट्याने बाजूला व्हायचास. पुढे वसतिगृहाच्या शाळेत जाताना तूही आम्हाला तसंच केलंस, रिकाम्या हाताची मूठ मिटून. बाबा बस सुटेपर्यंत हसत होते, मग रडले.

दवाखान्यात ऑपरेशनला नेताना तिने मला तोंडाने सांगितलं आणि तुला करंगळीने. ती परत आली नाही. तेव्हापासून तू ती खूण टाकलीस, निघताना नुसती मान हलवतोस. वहिनी सांगत होती, लेकालाही कधी केली नाहीस. तू आईवर रागावला आहेस. मीही होते रे, खूप दिवस.

आता नीट वाच. मागच्या महिन्यात तुझ्या जुन्या शाळेत चित्रीकरण होतं. एक चिमुरडी गोष्ट सांगून उठली, दारापाशी वळली, मूठ मिटली आणि करंगळी छातीकडे दोनदा वळवली. आमचे संपादक सर म्हणाले, जाताना ‘ये’ म्हणतेय, दिशा चुकली आणि हातही अर्धवट, काढून टाका. मी तिला विचारलं, कोणी शिकवलं? मोठ्या मुलींनी. त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी. सगळी शाळा निघताना तसंच करते, मूठ का मिटायची ते कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे. त्या मुठीत आईची पिशवी आहे.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणतात, बहिणीची आठवण चालणार नाही, ज्याने खूण शाळेत नेली त्याने स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगावं. पुढच्या आठवड्यात कोश छपाईला जाईल, त्याआधी ये. हे सांगायलाच लिहायला बसले. आई ‘येते’ म्हणाली होती ना दादा? ती आली. उशिरा आली, त्या पोरीच्या हातातून आली. तिला चूक म्हणून खोडू देऊ नकोस. आणि घरून निघशील तेव्हा लेकाकडे वळून मूठ मिट.

तुझीच, वाट बघणारी,
खळी