सर्व्हरचं सीमोल्लंघन

डोंबिवली, ३ ऑक्टोबर १९९९
आमच्या वधूवर मंडळाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर न्यायची आहे. ठाण्याच्या कंपनीने जुनं मशीन शनिवारपर्यंत सोडायला सांगितलंय. प्रोग्रॅम लिहिणारा अमेरिकेत. काम अर्थात माझ्याकडे. खडवलीच्या शाळेत शिकलेला माणूस पन्नाशीला सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर! गजाननाची कृपा.
आमच्या मुलीला, उत्तराला, घोडबंदर रोडचं स्थळ याच साइटवरून आलंय. आनंद, इंजिनियर. नवरात्र संपलं की बघायला येणार. तेवढं एक जमू दे.

५ ऑक्टोबर
शनिवारी सर्वपित्री अमावस्या! पितृपक्षात लग्नाच्या साइटचा गृहप्रवेश? मंडळाचे अध्यक्ष श्रीपादराव म्हणाले, अहो, मशीनला कसला पितृपक्ष? अध्यक्ष झाले, पण विचार खोल नाही.

७ ऑक्टोबर, पूजेनंतर
तोडगा सुचला. सर्व्हरला आपण सांगू ती तारीख. घड्याळ सरळ दसऱ्यावर न्यायचं.
सौ. सुमतीने विचारलं, ते बॅकअप का काय, घेतलंत ना? तिला समजावलं. मशीन हा देह, डेटाबेस हा आत्मा. आत्म्याची कॉपी कोणी काढतं का? ती म्हणाली, फ्लॉपी आणून देऊ का? संसारी बाईला वेदान्त अवघड.

९ ऑक्टोबर, दुपार
स्थलांतर यशस्वी. कल्याणच्या नव्या मशीनमध्ये १९ ऑक्टोबर घातली, हळदकुंकू वाहिलं, डेटाबेस चढवला. जुनं मशीन कंपनीने लगेच पुसून टाकलं.

संध्याकाळ
किरकोळ अडचण. सगळ्यांची नोंदणी दसऱ्याला संपते. ती संपली की प्रोग्रॅम लग्न जमलं असं धरून चालतो. हे अमेरिकेतल्या गृहस्थाने सांगायला नको? सगळ्या नावांपुढे ‘विवाह ठरला. अभिनंदन!’ उत्तराच्याही.
एक फोन आला. उत्तरा वायर ओढून गॅलरीत बराच वेळ बोलत होती. राँग नंबर असावा.

१० ऑक्टोबर, घटस्थापना
आनंदचे वडील फोनवर म्हणाले, ठरलं तर कळवायचंत तरी, राव. म्हटलं, काही ठरलं नाही, सर्व्हर हलवला. ते म्हणाले, हल्ली त्याला असं म्हणतात का? फोन ठेवला.
विठ्ठलवाडीच्या मनुबाईंचाही आला. आमच्या रामाचं ठरलंय म्हणता, मग मुलीचं नाव तरी सांगा ना, शेजारी विचारतायत.

१२ ऑक्टोबर
मुदत वाढवली आणि एका कमांडमध्ये सर्व नावं ‘विवाहेच्छुक’ केली. देखणं काम. घड्याळ मात्र पुढेच ठेवलंय. साधलेला मुहूर्त मोडू नये.

१४ ऑक्टोबर
‘सर्व’ हा शब्द कॉम्प्युटर फारच मनावर घेतो. ज्यांची खरोखर लग्नं झाली, तेही पुन्हा विवाहेच्छुक झालेत. श्रीपादरावांच्या मुलीचं बाळ रांगतंय. तिच्या सासरी सकाळपासून स्थळं सांगून येतायत. श्रीपादराव जे बोलले ते नवरात्रात लिहिणार नाही.
आनंदचे वडील पुन्हा. परवा ठरलं, आज मोडलं? कारण कळेल का?
उत्तराचं स्थळ हातचं जाणार. जप करताना मणी चुकतात.

१६ ऑक्टोबर
स्वतः घोडबंदर रोडला गेलो. पितृपक्ष, देह, आत्मा, घड्याळ, सगळं क्रमाने समजावलं. आनंदचे वडील दोनदा पाणी प्यायले. त्याची आई तोंडाला पदर लावून आत गेली. भारावली असावी. आनंद बसपर्यंत सोडायला आला, भर रस्त्यात वाकून पाया पडला. विद्येचा मान ठेवणारा मुलगा. असा जावई आता कुठला मिळायला!

१७ ऑक्टोबर
मंडळाने मला न सांगता पासवर्ड बदलला. माझ्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून.

१९ ऑक्टोबर, दसरा
दुपारी पान वाढल्यावर सुमती म्हणाली, आता ऐका. उत्तराचं आनंदशी ठरलंय. सर्वपित्रीलाच!
साइटवर ‘विवाह ठरला’ वाचून त्याने त्या संध्याकाळी फोन केला होता, कोणाशी ठरलं विचारायला. उत्तरा म्हणाली, ते साइटवर लिहिलेलं नाही, मुलाची जागा रिकामी आहे. तो म्हणाला, मग माझं नाव घाला. त्याच्या आईला माहीत होतं. सुमतीलाही. मी विचारलं, मलाच का नाही सांगितलं? उत्तरा म्हणाली, बाबा, अमावस्येला ठरलेलं तुम्ही मोडलं असतंत.
डोळे मिटून बसलो. मग उलगडा झाला. दोघींना शांतपणे सांगितलं, की माझ्या सर्व्हरवर त्या दिवशी दसराच होता. म्हणजे मुहूर्त मीच साधला.
सुमती म्हणाली, अस्सं? मग तुमचा दसरा झाला की. आणि माझ्या पानातली श्रीखंडाची वाटी उचलून आत घेऊन गेली.