उलट्या अंतऱ्याचं गाणं

दादा,

रेडिओ दुरुस्त करता करता दुकानाचा मालक झालो. मुंगी शिंकली तरी मला ऐकू येतं, असं गिऱ्हाइकं म्हणतात. काल रेडिओवर युद्धकाळातल्या गाण्यांच्या फर्माइशी चालू होत्या. एका म्हाताऱ्याने फोनवरून, शेजारी बसलेल्या बायको-मुलांसाठी म्हणून, ते निरोपाचं गाणं मागितलं आणि गुणगुणताना दुसरा अंतरा आधी घेतला. ही चूक जगात एकच माणूस करायचा. लढाईत गेला म्हणून आम्ही त्याच्यासाठी कधीच रडून घेतलं होतं.

मी झटकन रेडिओ बंद केला. वहिनी मागेच उभी होती.

"लावा परत, भावजी. इतकी वर्षं मीही त्यांच्यासारखंच उलटं म्हणत आले. आज सरळ ऐकते."

तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग भाजी चिरायला बसली.

हे पत्र मी टाकणार नाही. तू मेलेलाच बरा होतास.

एके काळचा तुझा,
धाकटा