बटाट्यांच्या खोलीतले बेस ट्रॅप

१२ फेब्रुवारी, सोमवार

मेई आज जेवताना म्हणाल्या, "ईस्टरपर्यंत बघते. तोवर ते धुम् धुम् थांबलं नाही, तर त्या खोलीत पुन्हा बटाटे."

एवढंच. मग तुंगतापची, सुक्या माशाच्या चटणीची, वाटी माझ्याकडे सरकवली. सासूबाई रागावल्या की जास्त वाढतात.

माझ्या बायकोने, दाफीने, टेबलाखालून पाय मारला — गप्प बस. मी गप्पच होतो!

दोष त्यांचा नाही. स्टुडिओ म्हणजे काय, तर मेईंच्या खोलीला लागून असलेली दहा बाय दहाची बटाट्यांची खोली. मध्ये एकच फळ्यांची भिंत. तीन महिन्यांपूर्वी अकरा पोती मी एकट्याने मागच्या पडवीत नेली. आता तिथे एक टेबल, कॉम्प्युटर, दोन माईक आणि माझी बेस गिटार. शाळेत शिकवून आलो की तीन ते पाच मी तिथे. त्याच वेळी मेई पलीकडे आडव्या होतात. तीन महिने काही बोलल्या नाहीत. आज बोलल्या.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ब्रॉनसनमामा येतील. मेईंचे थोरले भाऊ. घरातली मोठी गोष्ट त्यांनी येऊन ठरवायची, ही रीतच. त्यांना त्या खोलीत भाडेकरू हवाय, हे सगळ्यांना ठाऊक आहे.


१४ फेब्रुवारी

चोर सापडला. वरून दुसरी तार! ती नुसती छेडली की खोली घुमते, टेबलावरचा पेला थरथरतो. शेजारच्या तारा अगदी शहाण्या. आणि खोलीच्या मधोमध उभं राहिलं की तोच सूर गायब! भिंतीजवळ गेलं की पुन्हा अंगावर येतो. माझी जुनी रेकॉर्डिंग ऐकली — प्रत्येकात तो एकच सूर फुगलेला. उगाच नाही लोक गाणी करायला गुवाहाटीला जात.


१५ फेब्रुवारी

वान आला होता. आमच्या मोडलेल्या बँडचा ड्रमवाला, आता टॅक्सी चालवतो. हॉटेलातून अंड्यांचे चाळीस ट्रे घेऊन आला. "सगळे हेच लावतात," म्हणाला. दुपारभर चिकटवले. टाळी वाजवली — छान, कोरडी. तार छेडली — धुम्म्म्.

मेईंनी दारातून डोकावून विचारलं, आता कोंबड्याही आणणार का?


१७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर व्हिडिओ पाहिले. उपाय आहे! बेस ट्रॅप. लाकडी चौकटी, आत दगडी लोकरीचे जाड थर, वरून कापड, आणि कोपऱ्यांत तिरक्या उभ्या करायच्या. जाड सूर कोपऱ्यांत जमतात, तिथेच त्यांना पकडायचं. व्हिडिओतला माणूस म्हणतो, आवाज आत जातो तो बाहेर येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखंच की!

म्हणजे रेकॉर्डिंगही सुधारेल आणि मेईंची दुपारही. दाफीला सांगितलं. ती म्हणाली, "तुला खात्री आहे ना?" मी म्हणालो, आहे.


२० फेब्रुवारी

वानने गुवाहाटीहून येताना दगडी लोकर आणली. कारखान्यात बॉयलरला गुंडाळतात ती. पिवळट हिरवे जाड चौकोन. मी उत्साहात उघड्या हातांनी उतरवून घेतले.

मूर्ख.


२१ फेब्रुवारी

हात, मान, पोट — सगळीकडे खाज. वर्गात फळ्यावर लिहिताना पाठ दाराच्या चौकटीला घासत होतो. मुलांनी पाहिलं. मेईंनी मला पाठीमागच्या नळाखाली उभं केलं आणि बर्फासारखं पाणी सोडलं. गरम पाण्याने आणखी रुतेल म्हणाल्या. वर लहान मुलाला बोलतात तसं बोलल्या. बरं वाटलं — खाजेला.


२४ फेब्रुवारी, शनिवार

चौकटींचं काम सुरू. पाइनच्या पट्ट्या, करवत, हातोडी. हातमोजे आणि तोंडाला फडकं यापुढे कायम. दुपारपर्यंत एक चौकट झाली. भिंतीला टेकवली तर तीन कोपरे टेकतात, चौथा हवेत.

आणि नेमके मामा आले! ते एरवी महिना महिना येत नाहीत. चौकटीकडे बघितलं, क्वायचं, ओल्या सुपारीचं, पान तोंडात घातलं, निवांत चघळलं. मग म्हणाले, "जावईबापू, हे दार आहे की पतंग?"

मामा चाळीस वर्षं सुतारकाम करून आता थांबलेत. मी विचारलं, कसं करायचं? ते म्हणाले, मला काय विचारतोस, मला तर इथे भाडेकरू ठेवायचाय. आणि घरी निघून गेले.

तासाभराने रंधा घेऊन परत आले.


२५ फेब्रुवारी, रविवार

चर्च. आज काम नाही. प्रार्थनेत खाजवलं.


२८ फेब्रुवारी

मामा रोज येतात. ट्रॅप म्हणजे काय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, पण माझ्या हातून सांधा वाकडा बसला की त्यांना बघवत नाही. मी खिळा धरला की डोळे मिटतात. सहा चौकटी झाल्या. दोन माझ्या, चार त्यांच्या. कुणीही ओळखेल.

आज रंधा मारता मारता विचारलं, तुझ्या आईकडे नाही का करता येणार हे? मी सांगितलं, आमच्यात घर धाकट्या मुलीला जातं, तेही आता धाकट्या बहिणीचं. तिच्या नवऱ्याच्या कोंबड्या आहेत तिथल्या खोलीत. मामा हसले. माझंही तसंच, म्हणाले. जन्मलो ते घर बहिणीचं, राहतो ते बायकोचं. मग रंधा पुन्हा सुरू झाला.


३ मार्च, शनिवार

कापड! जाड चालत नाही, हवा आरपार गेली पाहिजे. तोंडाला लावून फुंकायचं, पलीकडे फुंकर लागली तर ठीक. मी रेक्झिन आणणार होतो. मेई म्हणाल्या, तुला बाजार कळत नाही, चल.

बड्या बाजारात त्यांच्यामागून तासभर फिरलो. त्या प्रत्येक दुकानात कापड तोंडाला लावून फुंकत होत्या. एका दुकानदारीणबाईंना वाटलं, कापड मंतरतायत. शेवटी जैनकिर्शाचं कापड मिळालं — बायका खांद्यावरून गाठ मारून नेसतात ते, लाल-पांढऱ्या चौकड्यांचं. मेईंनी फुंकर मारली ती थेट माझ्या चष्म्यावर आली.

मी विचारलं, मेई, तुम्ही मला मदत का करताय? म्हणाल्या, कुठल्या तरी भयाण रंगात ते माझ्या घरात उभं राहायला नको म्हणून.


१० मार्च, शनिवार

उभे राहिले! चारही कोपऱ्यांत, जमिनीपासून छतापर्यंत, मागे वीतभर पोकळी सोडून. उरलेले दोन मागच्या भिंतीला. चौकड्यांच्या कापडात खोली अशी दिसते, जणू चार मावश्या कोपऱ्यांत हात बांधून उभ्या आहेत.

गिटार घेतली. सगळे दारात — दाफी, मामा, वान. दुसरी तार छेडली.

सूर आला आणि थांबला. बस्. फुगला नाही, रेंगाळला नाही. पुन्हा छेडली, भिंतीजवळ जाऊन छेडली, सरळ कोपऱ्यात तोंड करून छेडली. बारा वर्षं ही गिटार वाजवतोय, आज तिचा आवाज पहिल्यांदा कळला.

मामा म्हणाले, "कमी वाजतंय." वानने त्यांना मिठीच मारली.


११ मार्च

चर्च. गाता गाता छताचे कोपरे बघत होतो.


१७ मार्च, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक! चर्चच्या गायकवृंदातल्या पाच बायका, पुढारी काँग — म्हणजे ताई — रिदा. ईस्टरची दोन गाणी. एप्रिलचा पाऊस पत्र्यावर सुरू झाला की महिनोन् महिने काही रेकॉर्ड करता येणार नाही, म्हणून घाई. बेसवर मी. पाच जणी, मी आणि एक शेगडी — हलायलाही जागा नव्हती.

ऐकताना काँग रिदांनी डोळे पुसले. मला वाटलं, गाण्यामुळे. त्या म्हणाल्या, नाही रे, माझा आवाज असा आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मेईंनी सगळ्यांना लाल चहा आणि तांदळाच्या पोळ्या दिल्या. धुम् धुम् विषयी अक्षर नाही. मीही विचारलं नाही. धीर झाला नाही.


२ एप्रिल, सोमवार

मामा आले. कोट घालून! रंध्याचे मामा वेगळे, कोटातले वेगळे. मेई, दाफी, मी समोर. मामांनी घसा साफ केला आणि मेईंना विचारलं, खोलीचं काय ठरवायचं? आवाज थांबला का?

मेई म्हणाल्या, "काही ऐकू येत नाही. दुपारी मी झोपते, उठते, काही कळतही नाही."

मामांनी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं. मग मामा म्हणाले, खोली बानशानकडे राहील. माझं नाव घेतलं! सहा वर्षांत पहिल्यांदा. एरवी 'दाफीचा नवरा' नाहीतर 'जावईबापू'.

दाफीने जादोह, डुकराचं मांस घातलेला भात, केला होता. मी तीनदा वाढून घेतला. मेईंनी वाढायच्या आधीच.


७ एप्रिल, शनिवार

वानला बेस दिली आणि मी ड्रमच्या काठ्या शोधायला बाहेर आलो. मेईंच्या खोलीचं दार उघडं होतं. आत गेलो.

धुम् धुम् धुम्. पहिल्याइतकंच. कपाटातल्या बशा किणकिणत होत्या. फळ्यांतून पायाला जाणवत होतं.

आणि मेई खिडकीशी बसून शांतपणे विणत होत्या. मान वर केली, हसल्या, पुन्हा विणू लागल्या.

वानला थांबवलं. व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला. ट्रॅप खोलीतला घुमारा खातो. भिंतीपलीकडे जाणारा आवाज त्याने अडत नाही. त्या माणसाने स्पष्ट सांगितलंय, शेवटी. मी शेवटपर्यंत पाहिलंच नव्हतं.

मग मेईंना ऐकू का येत नाही?


८ एप्रिल, रविवार

दाफीला सांगितलं. ती म्हणाली, हाक मारली तरी हल्ली येत नाही आई. मला वाटायचं, कंटाळा करते.

आज गिटारला हात लावला नाही. त्यांचे कान जात होते आणि मी ते माझं यश समजून तीन ताटं जादोह खाल्ला.


११ एप्रिल, बुधवार

अर्धी रजा. माझेच कान तपासायचेत, सोबत चला, असं सांगून मेईंना इस्पितळात नेलं. तिथे कळलं तरी रागावल्या नाहीत. मशीन लावून दोन्ही कान तपासले. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, सत्तरीत इतके चांगले कान मी पाहिले नाहीत, तुमच्यापेक्षाही चांगले असतील.

परतताना टॅक्सीत विचारलं, मग मामांसमोर तसं का सांगितलंत?

मेईंनी क्वायचं पान गालात सरकवलं. मग म्हणाल्या, "सहा वर्षं तू या घरात पाहुण्यासारखा पाय न वाजवता चालतोस. मला तेच जास्त ऐकू येतं."

टॅक्सीत आणखी दोन अनोळखी माणसं होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो.