साठ चौरस मीटरच्या आत

४ मार्च
अर्ज फेटाळला! ताईचा, घरपट्टीच्या सवलतीचा. वय पासष्टच्या वर हवं – ताई एकाहत्तर. उत्पन्न मर्यादेत हवं – नुसती पेन्शन, तीही दवाखान्यातल्या आयाची. घर स्वतःच्या नावावर. सगळं बसतं. तरी शेरा : 'क्षेत्रफळ साठ चौरस मीटरपेक्षा जास्त.'

ताई शांत. म्हणाली, "राहू दे रे. दलालाला बोलावते. पट्टी झेपत नाही तर घर कशाला?"

विकणार म्हणे! जन्मभर रात्रपाळ्या करून घेतलेलं घर. मी म्हटलं, पट्टी मी भरतो. तर म्हणे, "घर माझं, पट्टी माझी. तू तुझ्या बिड्यांचं बघ."

बिडी सोडून मला अकरा वर्षं झाली!

५ मार्च
कार्यालयात गेलो. खिडकीतला कारकून, चष्मा कपाळावर. त्याने फाइल उघडली आणि माझाच नकाशा माझ्यापुढे धरला.

"हा कोणी जोडला?"

"मी."

"मागितला होता कोणी?"

नव्हता. फॉर्मला तीनच कागद लागत होते. पण तीस वर्षं कंत्राटदारांचे नकाशे काढतोय, कुठल्या कॉलेजाची पायरी न चढता – ताईचा अर्ज काय नकाशाशिवाय देऊ? शाईने काढला. कुठलं दार कुठे उघडतं तेही दाखवलं. आणि अर्थात माझी मागची खोली, मी स्वतः बांधलेली. त्यांच्या दप्तरी ती नव्हतीच! पुढचं घर ५६.२०. माझी खोली ३.१० गुणिले २.४०, म्हणजे ७.४४. एकूण ६३.६४.

ताईच्या पायावर धोंडा पाडला तो मीच.

कारकून भला. हळूच म्हणाला, "काका, खोली वगळून दुसरा आणा. मी बदलून टाकतो."

काका! माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान असेल, फार तर.

म्हटलं, "खोली आहे, तर नकाशात राहणार."

"मग सवलत विसरा."

"बघू!"

६ मार्च
ताईने पातेलं आपटलं. "तुझ्या चार रेघांपायी माझं घर जाऊ दे! काय बिघडतं रे वगळल्याने?"

खोटा नकाशा आजवर काढला नाही. तिच्यासाठी तर नाहीच काढणार.

७ मार्च
दलाल येऊन गेला. भिंतीवर टकटक करून बघत होता, कलिंगड घेतल्यासारखा.

८ मार्च
सुचलं! नकाशा बदलायचा नाही. घर बदलायचं.

अख्खी खोली कशाला द्यायची? जास्त आहे ३.६४, तेवढंच द्यायचं. मागच्या टोकाकडून १.५२ मीटर कापली की उरते १.५८ गुणिले २.४०. एकूण ५९.९९. खाट आडवी बसते – मोजून बघितलं. टेबल जाणार. जाऊ दे. नकाशे मांडीवर काढेन, सुरुवात तशीच केली होती.

१२ मार्च
मागची भिंत पाडली. नवी आत उभी केली, ओळंब्यात, केसाचा फरक नाही. गवंडी बोलावला नाही. पाठ म्हणजे लाकूड झालंय.

ताई विटांचा जुना गिलावा खरवडत बसली होती, न सांगता. "वेडा आहेस," म्हणाली. "अगदी आईवर गेलास." दलालाचा फोन दोनदा वाजला. तिने वाजू दिला.

१५ मार्च
फेरमोजणीचा अर्ज दिला. कारकुनाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "भिंत पाडलीत? खरोखर?" मग शिक्का मारला. तारीख २२.

२२ मार्च
मोजणीदार बाई आल्या. माझी खोली : १.५८, २.४०. बरोबर! मी ताईकडे ऐटीत पाहिलं. मग बाईंनी पुढच्या घराला टेप लावली. ५२.०५.

पुन्हा मोजायला लावलं. ५२.०५!

पुढच्या घराचा ५६.२० हा आकडा मी खरेदीखतातून उचलला होता. खाली पदवीवाल्या इंजिनिअरची सही, गोल शिक्का. म्हणून टेपच लावली नाही – मी! खोली होती तशी ठेवली असती तरी ५९.४९ भरत होतं.

सवलत मंजूर. बाई गेल्यावर ताई हसत सुटली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम थांबली.

"म्हणजे इतकी वर्षं मी नसलेल्या चार मीटरची पट्टी भरली?"

"चार पूर्णांक पंधरा, ताई."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? लिही अर्ज!"