खेमसिंगचं शेवटचं प्यादं

३ जानेवारी १९६२, सकाळी
ठरलं. २६ तारखेले ग्रामपंचायतीपुढं बुद्धिबळाची मॅच. जो जिंकन तो गणेशजयंतीले कळंबच्या सामन्यात गावाकडून खेळन. गावात खेळणारे दोनच. एक मी. दुसरा तांड्यावरचा खेमसिंग. त्याले खेळणारा म्हणाचं म्हणून म्हणतो.
कळंबले जाणं भाग हाये. तिथं आमच्या इंदूचं सासर. व्याही किसनराव बुद्धिबळवाले. लग्नात भर पंगतीत मले म्हणे, "नानाजी, हा डोक्याचा खेळ हाये, तुमी आपले पत्ते पिसा." सारे हासले. इंदूही खाली मान घालून हासली. मी घास तसाच ठेवला होता. आता त्याच्याच दारात पट मांडतो.
नियम एक: रोज सराव. नियम दोन: खेळताना राग नाही.

तोच दिवस, संध्याकाळी
सराव केला. खेमसिंगसंगच. दुसरा हाये कोण. सारे डाव हारलो. ऊन माह्या डोळ्यावर, त्याच्या पाठीवर. हा माणूस बसतानाच कपट करते.

७ जानेवारी
शाळेत नवा मास्तर आला, इंगोले. बुद्धिबळाचं पुस्तक घेऊन फिरते. म्हणे प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकते. म्हटलं काहून? त्याले मोटर गाठाची हाये का? म्हणे राजा न हत्ती एकाच चालीत सरकतात, त्याले किल्लेकोट म्हणते. म्हटलं आमच्या इथं राजाले एकदा घोड्यासारखी उडी भेटते, तेवढी पुरे. म्हणे साऱ्या जगात असंच खेळतात. खेळो जग. मी काय जगाले बोलावलं होतं?
मंग म्हणे बुर्जी नाही. तिथं माहं डोकं फिरलं. बुर्जी म्हणजे समोरच्याचं सारं मारलं, राजा एकटा उघडा राह्यला, का डाव बरोबरीत. जिंकाचं हाये तर त्याच्यापाशी एखादं तरी प्यादं ठेवून मात करा. उघड्याले मारण्यात कोणती मर्दुमकी? मागच्या दिवाळीत खेमसिंगनं माहं सारं मारलं तवा याच रूलनं डाव सुटला. मी मुद्दामच मारू देल्लं होतं.

९ जानेवारी
सरपंचाले सांगून आलो. बुर्जी नाही तर मी नाही. सरपंचानं खेमसिंगले विचारलं. तो तंबाखू मळत म्हणे, "नानाजी म्हणन तसं. मले दोन्ही येते." घमेंड पाहा!
पास झालं. देशी रूल. बुर्जी झालीच तर बरोबरी, न मंग दुसरा डाव मास्तरच्या रूलनं. हे शेपूट मास्तरनं लावलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या डावाची पाळी येते कायले?

१४ जानेवारी, संक्रांत
बायको, विमल, म्हणे खेमसिंगभाऊले तिळगूळ द्या, न गोड बोला. तिळगूळ देल्ला. बोललो नाही.

१८ जानेवारी
नवा डावपेच. वजीर पहिलेच बाहेर काढाचा. समोरचा घाबरते.
खेमसिंग घाबरला नाही. वजीर गेला. डावपेच बरोबर होता, समोरचा माणूस अडाणी निघाला.
घरी आलो तं विमल भडकून. वेचणीच्या बाया कापूस घेऊन ताटकळत बसल्या होत्या. म्हणे, "तुमच्या वजिराले म्हणा, येऊन कापूस मोजून घे." बायकांले खेळातलं समजत नाही.

२२ जानेवारी
नवं धोतर धुऊन ठेवलं. कळंबसाठी. इंदूले निरोप धाडला, गणेशजयंतीले येतो, सासऱ्याले सांगून ठेव.

२६ जानेवारी, संध्याकाळी
झेंडा झाला. मॅच झाली. लिहाची इच्छा नाही.
लिहितो. माह्यापाशी वजीर न दोन हत्ती. त्याच्यापाशी राजा न एकच प्यादं. मात एका चालीवर! सारं गाव वाकून पाहून राह्यलं होतं. मले किसनराव दिसाले लागला होता, पटाच्या पलीकडं, तोंड पाडून. तेवढ्यात खेमसिंग हळूच म्हणे, "नानाजी, प्यादं राहू द्या बरं. राजाकडं पाहा."
मले सल्ला! माह्या गावात, साऱ्या पंचायतीपुढं, हा मले शिकवते! हत्ती उचलला न त्या प्याद्याले असा हाणला का ते उडून सरपंचाच्या चहात पडलं.
मास्तर म्हणे, बुर्जी.
म्हटलं कोणाची?
म्हणे, "तुमचाच रूल हाये नानाजी."
दुसरा डाव मास्तरच्या रूलनं. खेमसिंगनं तो किल्लेकोट का काय तो केला न आत बसला लपून. सरपंचानं दुसरा चहा सांगितला होता. तो यायच्या आत माही मात.
विमल म्हणे, "रूल तुमचा, प्यादं त्याचं, चहा सरपंचाचा. राग तेवढा घरचा."

२७ जानेवारी
शांत डोक्यानं विचार केला. मी हारलोच नाही. एक डाव बरोबरीत. दुसरा मास्तरचा खेळ, तो मी खेळतच नाही.
खेमसिंग दारात येऊन गेला. झोपलो हाये म्हणून सांगा म्हटलं. मीच म्हटलं, जोरानं.

५ फेब्रुवारी
आठ ग्रह एका घरात आले, दुनिया बुडते म्हणतात. मारोतीपाशी होम चालू हाये. बुडो. कळंबही बुडन.

६ फेब्रुवारी
काही बुडालं नाही. खेमसिंग उद्या कळंबले निघते. विमलनं त्याच्यासंग इंदूसाठी शेवया देल्ल्या. मले विचारलं नाही.

१० फेब्रुवारी, दुपारी
खेमसिंग परत आला. सामन्यात पहिल्याच दिवशी हारला. मले वाईट वाटलं नाही.
पण शेवया द्याले इंदूकडं गेलता. किसनरावनं जेवाले बसवलं, न जेवल्यावर पट काढला. खेमसिंगनं त्याले लागोपाठ हरवलं. किसनराव घामानं ओला. शेवटी म्हणे, तुमाले हा खेळ शिकवला कोणं?
खेमसिंग म्हणे, "आमच्या नानाजीनं."
इंदू सैपाकघरातून बाहेर येऊन उभी राह्यली, न म्हणे पुन्हा सांगा भाऊ, कोणं शिकवला?
हा माणूस खोटारडा हाये, हे मी पहिल्यापासून म्हणतो. पण ही एक गोष्ट तो खरी बोलला.
आता ओट्यावर पट मांडून बसला हाये. त्याचं शिकणं अजून कच्चं हाये. जातो शिकवाले.