काळ्या तुळयांचं घर

तीर्थरूप आईस,
लांबूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या जुन्या शिलाई कारखान्यात आता घरं केलीत. ती गिऱ्हाइकांना दाखवायचं काम मला मिळालंय. उंच छत, मोठाल्या खिडक्या, वर काळ्या पडलेल्या तुळया. ‘जुनी शोभा म्हणून राखल्यात,’ असं सांगायची साहेबांची ताकीद आहे.

काल एक म्हातारी आली. घर न बघताच जिन्याच्या दाराला हात लावून उभी राहिली. म्हणाली, “आग लागली तेव्हा हे बाहेरून बंद होतं गं. माझी बहीण आत होती.” मी तिला बसवून पाणी दिलं.

तेवढ्यात एक जोडपं आलं. बाईने वर बघून विचारलं, “या तुळया काळ्या कशाने?” साहेब शेजारीच होते, तरी मी खरं ते सांगितलं.

नवऱ्याने एकदा वर बघितलं. मग साहेबांना म्हणाला, “मग भाव थोडा कमी करा.”

म्हातारी ऐकत होती. घर विकलं गेलं. साहेब मला रागावलेसुद्धा नाहीत.

आई, धाकटीला इकडे शिवणकामावर पाठवायचं म्हणतेस. इतक्यात पाठवू नकोस. मी आधी त्या कारखान्याची दारं बघून येते.

तुझी,
थोरली